बाबांची स्वच्छ झाडं

२८ जानेवारी

प्रिय दादा,

"फोनवर अर्धा वेळ तुझ्या शिंकाच ऐकू येतात, त्यापेक्षा पत्र लिहीत जा," असं गेल्या खेपेला म्हणालास. मागून वहिनी हसल्या तेही ऐकू आलं. तर हे घे पत्र. कागदावर कितीही शिंकले तरी तुझ्या कानांना त्रास नाही.

आणखी थोड्या दिवसांत तुती फुलेल आणि माझे हाल सुरू होतील. माझी तयारी झालीय. मिठाचं पाणी उकळून बाटल्यांत भरून ठेवलंय. ते एका नाकपुडीतून घालायचं आणि दुसरीतून काढायचं. बघणाऱ्याने जेवणाच्या आधी बघू नये. तोंडाला बांधायला सुती फडकी शिवलीत, ती ओली करूनच बांधायची. सकाळी झाडं पूड सोडतात, म्हणून उघड्यावरची कामं दिवस कलल्यावर. आत आलं की आधी केस धुवायचे, मग चहा. कपडे दोरीवर घालायचे नाहीत, न्हाणीघरात वाळवायचे. त्यांना कुबट वास येतो म्हणे. मला येत नाही, माझं नाकच बंद असतं. रोपं न्यायला येणारी गिऱ्हाइकं माझे डोळे बघून हळूच विचारतात, "घरात काही वाईट झालं का हो?" मी म्हणते, घरात मी एकटीच, आणि मी अजून आहे.

इतकी वर्षं हे असंच निभावलं. पण गेल्या वसंतात शिंकांच्या पुढचं प्रकरण सुरू झालं. मातीची पाटी उचलून शेडपर्यंत गेले की छातीत घरघर होते, आणि मग पाटी तिथेच टाकून बसून राहावं लागतं. शेवटी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी हातावर ओळीने थेंब टाकले आणि प्रत्येक थेंबातून टोचलं. गवताच्या थेंबाला जरासं लाल झालं. गुलाबाला काहीच नाही, माझा जीव भांड्यात पडला. तुतीच्या थेंबाला मात्र लिंबाएवढी गांध उठली. "घराजवळ तुती आहे का?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, भिंतीला लागून रांगच आहे, आणि माझी रोपवाटिका त्या रांगेच्या सावलीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, एक तर ती झाडं जातील नाहीतर तुमचं काम जाईल, तुम्ही ठरवा.

मी ठरवलंय. मला बागकामाशिवाय दुसरं काही येत नाही, आणि यायला नको आहे. बाबांनंतर घर आणि बाग आपल्या दोघांच्या नावावर आहे, आणि झाड पाडायला कचेरीत दोघांच्या सह्या लागतात. अर्ज सोबत पाठवलाय. माझी सही केलीय, खालची जागा तुझी. फाटकाजवळची तुती राहू दे, फक्त भिंतीकडची रांग. तीही आत्ता नाही, पुढच्या हिवाळ्यात पानं गळल्यावर.

वहिनींना नमस्कार. तुझ्या नातीला, आपल्या चिमणीला, पापा.

तुझी धाकटी

१५ फेब्रुवारी

प्रिय शेंबडे,

रागावू नकोस. या नावाने तुला हाक मारणारा आता मी एकटाच उरलोय, तेवढा हक्क राहू दे.

तुझं पत्र हिला वाचून दाखवलं. नाकातल्या पाण्याच्या वर्णनाला आम्ही पोट धरून हसलो. तू लिहायला हवं होतंस, कुठे माती उपसत बसलीस! पण अर्जाचं आलं आणि ते पान मी पुन्हा वाचलं. अगं, बाबांची झाडं! एकाच झाडाच्या फांद्या खोचून त्यांनी ती सगळी रांग उभी केली. कुणी आलं की दाखवायचे, "बघा, एक फळ खाली पडत नाही. स्वच्छ झाडं!" त्या झाडांखाली बसून मी परीक्षांचा अभ्यास केला. मला बँकेत नोकरी लागल्याची तार तिथेच बसून वाचली. इथे माझ्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. कधी फार कंटाळा आला की डोळे मिटतो आणि ती रांग आणतो डोळ्यांसमोर. तेवढ्यावर आठवडा निघतो.

तुझं नाक तर जन्मापासून वाहतंय. आई पदराने पुसून पुसून थकली. त्यात बिचाऱ्या झाडांचा काय दोष? डॉक्टरांना काहीतरी नाव द्यावंच लागतं. हिच्या एका मैत्रिणीचं हेच दुखणं रोज सकाळी कोमट पाणी पिऊन गेलं, करून बघ. गोळ्याही मिळतात आताशा चांगल्या.

आणि एखादं झाड काढायचंच असेल तर ते फाटकाजवळचं काढ. सगळी वाट जांभळी करून ठेवतं, माश्या घोंगावतात. त्याला माझी काही हरकत नाही. अर्ज मी नीट ठेवून दिलाय, फाडलेला नाही, काळजी नसावी.

दादा

२० मार्च

प्रिय दादा,

कोमट पाणी पितेय. लघवीला जास्त जावं लागतं, बाकी फरक नाही.

आता जरा नीट वाच, कारण मी एकदाच सांगणार आहे. तुतीत नर झाडं असतात आणि मादी झाडं असतात. फाटकाजवळची मादी. ती फळं टाकते, वाट रंगवते, शेजारीपाजारी तिच्या नावाने बोटं मोडतात. पण ती हवेत काही सोडत नाही, तिच्याने कुणाला शिंकसुद्धा येत नाही. भिंतीकडची सगळी नर आहेत. म्हणून तर एक फळ खाली पडत नाही! फळाऐवजी त्यांना तुरे येतात, आणि तुऱ्यांतून पिवळी पूड उडते, डोळ्यांना धड दिसतही नाही इतकी बारीक. बाबांना सांडलेलं आवडायचं नाही, म्हणून त्यांनी बिनफळाचं झाड हेरलं आणि त्याच्याच फांद्या लावल्या. त्यांना ठाऊक नव्हतं, त्यांना मी बोल लावत नाही. पण आता आपल्याला ठाऊक आहे.

गोळ्यांचं म्हणशील तर घेतेय. त्यांनी पेंग येते, पण तेही चालवून घेतलं असतं. नाकाचं काय करू? रोपांच्या ट्रेमध्ये बुरशी धरायला लागली की दिसायच्या आधी वास येतो. साचलेल्या पाण्याचा असतो तसा, जरासा आंबूस. तो वास आला की मी ट्रे बाजूला काढते, पाणी तोडते, वारा देते. हे मला कुणी शिकवलं नाही, नाकानेच शिकवलं. या महिन्यात नाक ठार बंद. टोमॅटोच्या रोपांनी एका रात्रीत माना टाकल्या तेव्हा कळलं. शेडमधली सगळी रोपं गेली. ज्यांना रोपं कबूल केली होती त्या एकेकाच्या दारात जाऊन हात जोडले. एक जण म्हणाला, "बाई, आता तुमचं वय झालं." मला एवढा राग आला की दम लागला, आणि दम लागल्यामुळे त्याला उत्तरही देता आलं नाही.

बरं, पाडायची नसतील तर मधला मार्ग सांगते. पानगळ झाली की सगळ्या फांद्या खोडापर्यंत छाटायच्या. त्या वर्षी तुरे जवळजवळ येत नाहीत. झाडं जगतात, उन्हाळ्यात सावलीही देतात. त्याला कुणाची परवानगी लागत नाही, पण तुला न विचारता मी करवत लावणार नाही. फक्त एक: फुलोरा असताना कुणीही त्यांना हात लावायचा नाही. आत्ता कुऱ्हाड घातली तर एकेका घावाला सगळ्या झाडाची पूड खाली येईल, आणि खाली मी आहे.

सविस्तर उत्तर दे. गंमत नको.

धाकटी

२ जून

प्रिय धाकटे,

उत्तराला फार उशीर झाला, कबूल. बँकेतल्या निरोपसमारंभांत आणि कागदपत्रांत दिवस कसे गेले कळलं नाही. निवृत्त झालो बुवा एकदाचा! आणि खरं सांगायचं तर तुझ्या पत्राला काय लिहावं ते सुचतही नव्हतं.

मावशी इथे येऊन गेली. बोलता बोलता म्हणाली की एक माणूस आपल्या बागेत फीत घेऊन मापं घेत होता, भिंतीपासून शेडपर्यंत.  माझ्या मनात पाल चुकचुकली. जागा मोकळी करून द्यायचा कुणाला शब्द तर दिला नाहीस ना? तसं असेल तर सरळ सांग, झाडांच्या आडून नको. मी तुझा भाऊ आहे.

आणि झेपत नसेल तर तेही सांग. रोपवाटिका बंद करून इकडे ये. एक खोली रिकामी आहे. हिचे गुडघे गेलेत, तुझी घरात मदत होईल आणि तुलाही माणसांत राहायला मिळेल. कुंड्या ठेवायला गॅलरी आहे.

छाटणीबद्दल. पुढच्या वसंतात मी येतोय, आणि लेक आणि चिमणी दोघींना घेऊन येतोय. चिमणीला मी त्या झाडांच्या इतक्या गोष्टी सांगितल्यात की तिने त्यांचं चित्र काढून भिंतीवर लावलंय. तिला काय दाखवू, खुंट? एक वर्ष थांब. छाटू नकोस. मग पुढे तू म्हणशील तसं. एवढं माझ्यासाठी कर.

दादा

२६ जून

प्रिय दादा,

तो फीतवाला माणूस जाळीवाला होता. झाडं गेली तर रोपांना सावली कुठून आणायची म्हणून शेडपर्यंत हिरवी जाळी ताणायचं माप घ्यायला बोलावला होता. मावशीने त्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. तिने मला विचारलं असतं तर मीही सांगितलं असतं. तूही मला आधी विचारू शकला असतास. तू महिना-दोन महिने मनात घोळवत बसलास की धाकटी आपल्याला फसवतेय. हे मला लागलं, दादा. लपवून काय करू?

वहिनींचे गुडघे दुखतात त्याचं वाईट वाटतं. पण मी कुणाच्या गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला येणार नाही. शिकायला तू गेलास, बाबांचं आणि आईचं दुखणं मी काढलं, त्यावर मी कधी बोलले नाही, आताही बोलायचं नव्हतं. तू बोलायला लावतोस.

छाटणीचं ठीक आहे. नाही छाटत. अर्धी झाडं तुझी आहेत हे एक. दुसरं म्हणजे 'माझ्यासाठी कर' असं तू मला फारसं कधी म्हटलेलं नाहीस, आणि मी भुलते, माझा स्वभावच तसा मेला. तिसरं चिमणी. तिला मी फोटोतच पाहिलीय. तिच्यासाठी एक वसंत आणखी काढीन.

पण या तेव्हा एप्रिल संपताना या. तोवर तुरे गळून जातात, पानं पुरी भरतात, आणि रांग खरी सुंदर तेव्हाच दिसते. मार्चमध्ये येऊ नका. माझ्यासाठी नाही, पोरीसाठी सांगतेय. आपलं नाक तिच्यात उतरलं असलं तर?

धाकटी

१८ नोव्हेंबर

प्रिय शेंबडे,

घाईत चार ओळी. लेकीला सुट्टी मार्चच्या मधल्या आठवड्यातच मिळतेय, एप्रिलचं जमत नाही. तिकिटं काढली. तू उगाच काळजी करतेस, चिमणी ठणठणीत आहे, नाक तिने बापाकडून घेतलंय. झाडांना हात लावला नाहीस ना? आम्ही दिवस मोजतोय.

दादा

१२ डिसेंबर

प्रिय दादा,

नाही लावला. काल सगळी पानं गळून गेली आणि छाटणीला अगदी योग्य हवा पडली. कोरडी, थंड, वारा नाही. करवतीला धार लावून ठेवली होती. शिडी लावून वरही चढले. वरून सगळ्या फांद्यांवर कळ्या फुगलेल्या दिसल्या. एका दिवसाचं काम होतं. पण शब्द दिला होता, खाली उतरले.

डॉक्टरीणबाईंनी आता छातीत ओढायचा फवारा दिलाय. त्या माझ्यावर चिडल्यात. "झाडं तुमची, श्वास तुमचा, मग अडलंय कुठे?" म्हणाल्या. मी म्हटलं, भाऊ येतोय. त्यांनी औषधाचा कागद माझ्यापुढे सरकवला.

माडीवरची खोली तुमच्यासाठी धुऊन काढलीय. तिची खिडकी भिंतीकडे उघडते, ती उघडू नका. चिमणी दूध गरम पिते की गार, ते वहिनींना विचारून कळव.

धाकटी

२४ मार्च

प्रिय धाकटे,

आम्ही सुखरूप पोचलो. चिमणी आता बरी आहे.

काय ते दिवस गेले! पहिल्या संध्याकाळी मी तिला झाडांखाली घेऊन गेलो तेव्हा कोवळी पालवी फुटत होती आणि पिवळसर तुरे लोंबत होते. ती हात वर करून फांद्या हलवत होती आणि मी तिथेच उभा होतो. मला वाटलं, बाबा बघताहेत. आणि मग रात्री तो प्रकार. बिचारीचे डोळे असे सुजले की उघडेनात, शिंकांवर शिंका, आणि पहाटे तो छातीचा आवाज. तसा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. तू तुझा फवारा तिच्या तोंडाला लावलास आणि पाठ चोळत बसलीस, ते मी विसरणार नाही. लेक तर मला म्हणाली, "बाबा, हे असं असतं हे तुम्हाला माहीत असून तुम्ही आम्हाला इथे आणलंत?" 

असो. मी माझी चूक लगेच दुरुस्त केलीय. तू टॅक्सी आणायला गेलीस ना त्या दिवशी, तेव्हा मी कचेरीत जाऊन आलो. तुझा अर्ज बरोबर आणलाच होता. तुझी सही होतीच, खाली माझी केली. तिथला साहेब माझ्या वर्गातला निघाला, नाहीतर महिने गेले असते म्हणे. उभ्या उभ्या परवानगी दिली. झाडं तोडणाऱ्यालाही तिथूनच गाठलं आणि शुक्रवारची वेळ ठरवली. म्हटलं, एकही खुंट ठेवू नकोस. फाटकाजवळचं ते घाण करणारं झाडही लगेहात काढायला सांगितलंय. चिमणीला सुट्टीत पुन्हा यायचं तर आता धोका पत्करायला नको.

तुला मुद्दामच सांगितलं नाही, हे पत्रही शुक्रवारनंतरच मिळेल. शुक्रवारी तू बाजारात रोपं पोचवायला जातेस, परत येशील तो सगळं साफ! तुझा चेहरा बघायला मी तिथे असायला हवा होतो. आता तरी दादावर खूश ना?

दादा

३१ मार्च

अनेक आशीर्वाद.

मी तुमच्या शेजारची. तुला आणि तुझ्या बहिणीला मी शाळेत शिकवलंय, म्हणून अहोजाहो करत बसत नाही. तुझा फोन लागला नाही, तेव्हा लिहिते.

शुक्रवारी सकाळी ती बाजारात गेल्यावर माणसं कुऱ्हाडी आणि यंत्राची करवत घेऊन आली. मी भिंतीवरून विचारलं तर म्हणाले, मालकांनी सांगितलंय. कागद दाखवला, दोघांच्या सह्या होत्या, मी काय बोलणार? झाडं पूर्ण फुलोऱ्यात होती. पहिलं झाड पडलं तेव्हा पिवळा धूर उठावा तसं झालं. माझ्या अंगणातल्या फरशीवर अजून थर आहे.

ती नेहमीपेक्षा लवकर परत आली. तिने फाटकातून बघितलं आणि ओरडली, "थांबा, थांबा, आत्ता नाही!" यंत्राच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. मला वाटलं ती माझ्याकडे येईल, मी दार उघडून उभी होते. पण झाडं शेडच्या बाजूला पडत होती आणि शेडमध्ये तिची रोपं होती. ती आत शिरली. तोंडाला काही बांधलेलं नव्हतं. ट्रे उचलून बाहेर आणत होती, ठेवत होती, पुन्हा आत जात होती. मग बाहेर आली नाही. माणसांनी तिला उचलून आणलं तेव्हा ओठ निळे पडले होते. फवारा खिशात होता, तिला तो काढता आला नाही.

ती रुग्णालयात आहे. दोन दिवस नळीवर होती, आता स्वतः श्वास घेते आहे. जिवावरचं टळलं म्हणाले. बोलू देत नाहीत. तुला कळवू का, म्हणून विचारलं तर तिने मान फिरवली. तरी मी कळवते आहे, कारण कळायला हवं.

तुझ्या शाळेतल्या बाई

९ एप्रिल

प्रिय धाकटे,

बाईंचं पत्र मिळालं. लगेच निघणार होतो, पण हिच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख आलीय, हिला एकटं टाकून कसा येऊ? तू घरी आलीस असं फोनवर बाईंनी सांगितलं. तू फोन घेत नाहीस म्हणून लिहितो.

त्या झाडं तोडणाऱ्याला मी चांगलाच फैलावर घेतला. त्याने तुला बाहेर थांबवायला नको का? आणि तूही अशी कशी गं आत धावलीस? रोपांचं काय मोठं, पुन्हा लावता आली असती. आपल्या जिवापेक्षा ट्रे मोठे? बाई म्हणाल्या, तू माझ्यावर रागावली आहेस. मला खरंच समजत नाही. वर्षभर तूच मागे लागली होतीस, झाडं काढ, झाडं काढ. अर्ज तुझा, सही तुझी. मी बाबांची आठवण पोटात घालून तुझं ऐकलं. चांगलं करायला गेलो आणि वाईट मीच झालो. पण असो, तू आजारी आहेस, तुझ्याशी वाद घालत नाही.

आता झाडं नाहीत, तेव्हा हळूहळू तुझं नाकही सुटेल आणि छातीही. लेकीला मी सांगितलंय की घर आता अगदी निर्धोक आहे. ती अजून घुश्शात आहे, पण मानेल. पावसाळ्यानंतर आम्ही सगळेच येऊ म्हणतो, जमलं तर मी तिथेच राहीन. तोवर भिंतीकडची जागा भकास नको. चिमणीला त्रास होणार नाही असं काहीतरी लाव, छानसं, लवकर वाढणारं. तुला त्यातलं सगळं कळतं.

लवकर बरी हो.

दादा

२१ जून

दादा,

तुझं पत्र एप्रिलमध्येच मिळालं. हातात पेन धरून बसायला लागले की थकवा येत होता, आणि थकवा गेला तेव्हा राग येत होता. आता दोन्ही जरा कमी आहे, म्हणून लिहिते. हे पत्र पुरं वाच. मागची पत्रं तू वाचली नाहीस, हसायच्या जागा तेवढ्या वाचल्यास.

फुलोरा असताना झाडांना हात लावू नका, असं मी तुला लिहिलं होतं. का, तेही लिहिलं होतं. फाटकाजवळच्या झाडाने कुणाला शिंक येत नाही, तेही लिहिलं होतं, तरी तेही पाडलंस. चिमणीला मार्चमध्ये आणू नकोस, हेही. तू विचारतोस मी रागावले का. माझ्या शिंका तू लहानपणापासून ऐकल्यास, त्यांचं मला नाव पाडलंस. माझी धाप तुला पत्रातून सांगितली, तर तुला वाटलं मी जागा विकतेय. आणि पोरगी एक रात्र शिंकली तर तू तिसऱ्या दिवशी कचेरीत. तिच्यासाठी केलंस ते बरोबरच केलंस, मीही केलं असतं. पण ते माझ्यासाठी केलंस असं मला सांगू नकोस. ते मी ऐकून घेणार नाही.

रोपांचं काय मोठं, असं तू लिहिलंस. ते माझं काम होतं, दादा. तुझी बँक होती तशी.

तब्येतीचं तुला बाईंकडून अर्धवट कळलं असेल. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की छातीने आता धसका घेतलाय. पूर्वी एका तुतीचं वावडं होतं, आता कशाचंही होतं. कापलेलं गवत, खत, पालापाचोळा. मातीचंसुद्धा. परवा बाईंनी त्यांच्या अंगणात पाणी मारलं. कितीतरी वर्षांत मला पहिल्यांदा ओल्या मातीचा वास आला, इतका स्वच्छ की मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. दोन मिनिटांत छाती आवळली आणि खिडकी लावून घ्यावी लागली. नाक सुटलं, ते असं सुटलं.

रोपवाटिका बंद केली. शेडमधलं जे जगलं होतं ते ओढ्यापलीकडच्या नर्सरीवाल्याला दिलं. तो भला माणूस आहे, कात्र्या आणि करवतही घेऊन गेला. मी दारात उभी राहून कुठल्या ट्रेला किती पाणी ते सांगत होते, तोंडाला फडकं बांधून. तो मान डोलावत होता. गाडी वळल्यावर लक्षात आलं की मिरचीच्या रोपांचं सांगायचं राहिलं. मग मी बाईंकडे जाऊन रडले. हे तुला कळावं म्हणून लिहिते आहे.

भिंतीकडे काय लावायचं ते विचारलंस. मला कळतं, हो. अजून कळतं. तिथे डाळिंब होईल. त्याला ऊन मिळेल, वाढ बरी असते, आणि त्याची पूड हवेत उडत नाही, मधमाश्या नेतात. चिमणीला काही होणार नाही. आधी तुतीची मुळं खणून काढावी लागतील, सगळी, नाहीतर पुन्हा फुटतील. खड्डे कमरेइतके घे, पाणी तुंबू देऊ नकोस, पहिली दोन वर्षं फुलं खुडून टाक. हे सगळं तू कर. मी लावणार नाही. मला ते करता येत नाही, आणि करता आलं असतं तरी केलं नसतं.

तुम्ही या. घर तुझंही आहे, मी अडवणार नाही. मी खालच्या मागच्या खोलीत असते, तिची खिडकी बंद असते. मला आता श्वास अगदी नीट येतो. दिवसभर काही काम नसतं.

धाकटी